अल्हाम्ब्रा: गिलावा आणि रात्रीचं पाणी

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, रात्रीचे पावणेदहा. स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या डोक्यावर जी टेकडी आहे, तिच्यावरच्या फाटकापाशी आम्ही तिघं रांगेत उभे होतो: ताई, दाजी आणि मी. तिकिटं मी काढली होती, म्हणून चूकही माझ्याच नावावर. अल्हाम्ब्रा रात्री बघायची तर तिकिटं दोन तऱ्हेची असतात. एक नासरी राजवाड्यांचं, दुसरं बागा आणि हेनेरालिफेचं. एकावर दुसरं बघता येत नाही. मी घाईघाईत राजवाड्याऐवजी बागेची काढून बसलो होतो. त्यात तिकिटावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्टचा नंबर, म्हणजे कुणाशी अदलाबदल करायचीही सोय नाही. ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. दाजी मात्र खूश झाले.

“बरंच झालं की पाहुणं,” ते म्हणाले. “बागेचं पाणी रातच्यालाच बघावं.”

दाजी फलटणकडचे. लहानपणी नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर, रात्रीची बारी आली की वडिलांबरोबर कंदील घेऊन उसाला दारं धरायला गेलेले. पुढे तीस वर्षं बांधकामाची कंत्राटं घेतली. अल्हाम्ब्रा समजून घ्यायला या दोन उद्योगांइतकी दुसरी तयारी नसेल, हे मला दुसऱ्या रात्री कळलं. त्या रात्रीची राजवाड्याची तीन तिकिटं नशिबानं शिल्लक निघाली होती.

पर्यटनाच्या पत्रकांवर याला ‘मूरांचा राजवाडा’ म्हणतात. मूर असं स्वतःला म्हणवून घेणारे लोक इथे कधीच नव्हते. रोमन लोक वायव्य आफ्रिकेच्या एका पट्ट्याला मॉरिटानिया म्हणत, त्यावरून स्पेनच्या ख्रिश्चनांनी समुद्रापलीकडून आलेल्या सगळ्याच मुसलमानांना, अरब असो की बर्बर, ‘मोरो’ करून टाकलं. पोर्तुगीज तोच शब्द गलबतात घालून हिंदुस्थानात घेऊन आले आणि मलबारपासून गोव्यापर्यंत जो मुसलमान दिसेल त्याला ‘मौरो’ म्हणू लागले. इथे ज्यांनी राज्य केलं ते स्वतःला बनू नस्र, म्हणजे नस्राचे वंशज म्हणत; नासरी ते यावरूनच. १२३८ साली त्यांचा पहिला सुलतान मुहम्मद ग्रानादात आला. त्याला अल-अहमर, म्हणजे तांबडा, असं म्हणत. ज्या टेकडीवर तो बसला तिथल्या किल्ल्याचं नावही तसलंच: अल-कलआ अल-हम्रा, लाल किल्ला. लाल का, तर टेकडीची माती लाल आणि भिंती त्याच मातीच्या.

बागेत शिरल्याशिरल्या सरूच्या झाडांच्या उंच, कापून सरळ केलेल्या भिंती लागतात. अंधारात त्या काळ्या पडद्यांसारख्या वाटतात आणि माणसं आपोआप आवाज खाली आणतात. चौदाव्या शतकात आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हा सगळा भाग विसाव्या शतकातला आहे. १९३१ ते १९५१ या काळात तो तयार झाला, आणि त्याचा मोठा भाग फ्रान्सिस्को प्रिएतो मोरेनो या वास्तुकारानं आखला. हे मी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग सांगितलंस कशाला?” तिचं बरोबर होतं. सरू चांगलेच आहेत.

खरी जुनी बाग पुढे आहे. हेनेरालिफे हे सुलतानांचं उन्हाळ्यात राहायचं ठिकाण, मुख्य राजवाड्यांच्या समोरच्या चढावर. नावाची फोड बहुतेक जण ‘जन्नत अल-अरीफ’ अशी करतात. अरीफ म्हणजे जाणकार, बांधकामाचा मुख्य कारागीर. हेनेरालिफेच्या मधल्या लांबट चौकाला स्पॅनिशमध्ये ‘पातिओ दे ला असेक्या’ म्हणतात. असेक्या हा शब्द अरबी ‘साकिया’वरून आला, आणि त्याला मराठीत एकच अचूक शब्द आहे: पाट. म्हणजे हे पाटाचं अंगण. दाजींना मी हे भाषांतर ऐकवलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खिशातून हात बाहेर काढले.

अंगणाच्या मधोमध जो वाहतो तो शोभेसाठी केलेला ओहोळ नव्हे. तोच मुख्य पाट. या टेकडीवर स्वतःचं पाणी नाही. खाली दरीतून दारो नदी वाहते, पण ती खूप खोल. म्हणून पहिल्या मुहम्मदाच्या काळातच नदी वरच्या अंगाला, साधारण सहा किलोमीटरवर अडवली आणि तिथून डोंगराच्या कुशीतून, अगदी अलगद उतार देत, पाणी टेकडीच्या माथ्याशी आणलं. त्याला राजपाट म्हणतात, ‘असेक्या रेआल’. ना पंप, ना दाब. नदी उतरत खाली जाते, पाट तिच्याहून कमी उतरतो, आणि सहा किलोमीटरनंतर त्या दोहोंमधला फरक म्हणजे एक अख्खी टेकडी. पाणी सिएरा नेवादाच्या बर्फाचं, असं ग्रानादाबद्दल सर्रास सांगितलं जातं. समोर बर्फाची शिखरं दिसतात, त्यामुळे ऐकायलाही बरं वाटतं. दारो मात्र उगम पावते वेतोरच्या डोंगरांत, सिएरा नेवादात नव्हे.

पाटाच्याही वर ज्या बागा होत्या त्यांना पाणी कसं द्यायचं, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी वरच्या अंगाला हौद बांधले, एक खोल विहीर खणली आणि जनावर जुंपून रहाटानं पाणी चढवलं. हौद हा आपला रोजचा शब्दही मुळात अरबी, ‘हौज’चा. स्पॅनिशमध्ये या हौदाला ‘आल्बेर्का’ म्हणतात, तोही अरबीच, ‘अल-बिरका’. पाण्याच्या कुठल्याही वस्तूचं नाव विचारा, ग्रानादात उत्तर अरबीत येतं. राज्यं गेली तरी पाटकऱ्याचे शब्द बदलायला कुणाला सवड नसते.

चौकात दोन्ही बाजूंनी बारीक कारंजी पाटावर कमानी धरतात. सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळलेले. या कारंज्यांचा सुलतानांशी काही संबंध नाही, ती फार नंतर बसवली. मूळ बागेत पाट बहुधा शांत वाहत असणार. जमिनीचीही तीच गत. १९५८ साली इथल्या एका भागाला आग लागली, आणि त्या निमित्तानं खणलं तर खाली जुनी बाग सापडली. मध्ये आडवी वाट, तिनं पाडलेले चार भाग, कडेच्या फरशीपेक्षा बरीच खालच्या पातळीवर असलेली माती. म्हणजे फुलझाडं वाढली की त्यांचे शेंडे येणार चालणाऱ्याच्या पावलांशी. वरून बघणाऱ्याला सतरंजी अंथरल्यासारखी बाग दिसायची. आज गुलाब कमरेला लागतात. मला ही कारंजी खटकली, खरं सांगायचं तर. आवाज छान येतो, पण तो एकसारखा, नळ उघडा राहिल्यासारखा. दाजींनी एक जागा शोधून काढली, चौकाच्या टोकाला, जिथे पाणी दगडी कुंडातून पाटात उतरतं. तिथे आवाज वेगळा होता, खोलगट. “हां,” ते म्हणाले, “हा दाऱ्याचा आवाज.”

याच्याही वर पाण्याचा जिना आहे. जिन्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी काढलेल्या आहेत आणि त्यांतून पाणी धावतं. चढताना हात टेकवायचा तो वाहत्या पाण्यात. १५२६ साली आंद्रेआ नावाजेरो हा व्हेनिसचा वकील ग्रानादात आला होता, त्यानं इथल्या पाण्याच्या करामतींचं मोठ्या कौतुकानं वर्णन करून ठेवलं आहे. सुलतानांचं राज्य जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.

निघताना एका भिंतीपाशी ओळखीचा वास आला आणि ताई थबकली. रातराणी! अंदालूसियात तिला ‘दामा दे नोचे’ म्हणतात, रात्रीची बाई. वाटतं की हा तर खास पूर्वेकडचा, अरबी रात्रींतला वास. पण रातराणी मूळची अमेरिकेकडची. १४९२नंतर जहाजं त्या वाटेनं जाऊ-येऊ लागली, तेव्हा कुठे ती जुन्या जगात पोचली. इथेही आणि आपल्या अंगणातही. एकाही नासरी सुलतानानं रातराणी हुंगलेली नाही.

दुसऱ्या रात्री राजवाडे.

राजवाडे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दगड येतो. बाहेरून इथे तसं काहीच दिसत नाही. लालसर, ओबडधोबड, चौकोनी बुरूज, जणू आत धान्य साठवलेलं असावं. भिंती मातीच्या आहेत. फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात माती, चुना, खडी टाकायची, धुमसानं ठोकायची, साचा वर सरकवायचा. आत गेलं की डोळे दिपतात, आणि इथेच दाजींचा दुसरा उद्योग कामी आला. कोमारेस नावाच्या राजवाड्याच्या दालनांत भिंतीवर लेस विणावी तशी नक्षी होती. आम्ही माना वर करून बघत होतो. दाजी भिंतीला नाक लावून बघत होते.

“पाहुणं, हे पीओपी आहे.”

मी म्हटलं, दाजी, हळू. पण त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ही सगळी नक्षी जिप्समच्या गिलाव्यात केलेली आहे. काही ओली असताना कोरलेली, काही लाकडी साच्यात पाडून चिकटवलेली. आपण ज्याचं फॉल्स सीलिंग करतो तोच हा पदार्थ. सगळ्या दालनांत रचना एकच: खाली, माणसाचा खांदा लागेल तिथपर्यंत चिनीमातीच्या रंगीत फरशा, त्याच्या वर गिलावा, आणि सर्वांत वर लाकूड. घासलं जाईल तिथे टणक, हात पोचणार नाही तिथे नाजूक. कुठल्याही मिस्त्रीला पटेल असा हिशोब.

मग त्यांनी सिंहांच्या चौकातल्या कमानी दाखवल्या. १२४ बारीक संगमरवरी खांब, त्यांवर जाळीदार कमानी. “ही कमान भार घेत नाही. बघा, भार वरच्या तुळईवर. कमान नुसती टांगलेली.” हेही खरं. जाळी पडद्यासारखी आहे, वजन लाकडी तुळयांमधून सरळ खांबांत उतरतं. खांबांच्या सांध्यांमध्ये शिशाचे पातळ पत्रे आहेत. ग्रानादाच्या भूकंपात खांबाला थोडं डुलायला मुभा मिळावी म्हणून.

इतकं साधं सामान का? कारण हे राज्य श्रीमंतांचं नव्हतं, अडचणीतल्यांचं होतं. १२४६ साली त्या पहिल्या मुहम्मदानं कॅस्टिलच्या राजाशी हाएन इथे तह केला, मांडलिकी पत्करली आणि खंडणी कबूल केली. पुढच्याच वर्षी त्या राजानं सेव्हिलला वेढा घातला, तेव्हा मुसलमानांचं ते शहर घ्यायला हा मुसलमान सुलतान स्वतःची फौज घेऊन गेला. परतल्यावर ग्रानादाच्या लोकांनी ‘विजयी, विजयी’ म्हणून स्वागत केलं, त्यावर तो म्हणाला, ‘अल्लाशिवाय कोणी विजयी नाही.’ ही दंतकथा असेल, पण हेच वाक्य घराण्याचं ब्रीद झालं. अल्हाम्ब्राच्या भिंतींवर सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं आहे ते हे. ढालीच्या आकारात, पट्ट्यांत, खांबांच्या डोक्यांवर. एकदा त्या अक्षरांचं वळण ओळखीचं झालं की मग ते जिकडेतिकडे दिसायला लागतं, आणि त्याचा सूर थोडा बदलतो. दुसऱ्याला खंडणी भरणाऱ्याच्या घरात हे वाक्य हजारो वेळा लिहिलेलं असणं मला तरी नुसती धर्मश्रद्धा वाटली नाही.

आज जे राजवाडे आपण बघतो ते बहुतेक दोघा बापलेकांचे: पहिला युसुफ आणि पाचवा मुहम्मद, म्हणजे १३३३ ते १३९१. युसुफला १३५४ साली नमाज पढत असताना भोसकलं. मुलाची गादी १३५९मध्ये गेली, तो मोरोक्कोतल्या फेझला पळाला, १३६२ साली परत आला आणि त्यानंतर त्यानं सिंहांचा चौक बांधला. कारंज्याचे ते बारा सिंह मूळ त्याच काळातले. २००२मध्ये त्यांची दुरुस्ती सुरू झाली आणि ते पुन्हा पूर्ववत जागेवर दिसायला २०१२ उजाडलं. चौकाच्या एका मंडपावर एकोणिसाव्या शतकात कुणीतरी हौसेनं रंगीत कौलांचा घुमट चढवला होता, ‘पौर्वात्य’ दिसावं म्हणून. १९३०च्या दशकात लिओपोल्दो तोरेस बाल्बास या जतनकारानं तो उतरवून साधं छप्पर घातलं, तेव्हा गावात बरीच बोंब झाली. जुनं खरं नि नवं खोटं, हे लोकांना एकदम पटत नाही.

रात्री दिवे जमिनीलगत असतात आणि उजेड खालून वर जातो. दोन बहिणींच्या दालनात हे सर्वांत जाणवतं. बहिणी म्हणजे जमिनीतल्या संगमरवराच्या दोन जुळ्या लाद्या, राजकन्यांची गोष्ट नंतरची. तिथलं छत मधमाश्यांचं पोळं उलटं टांगल्यासारखं आहे. याला मुकरनस म्हणतात. जिप्समचे पाच हजारांहून जास्त छोटे लोलक, मोजक्याच आकारांचे, एकमेकांना जोडत वर वर नेलेले. दिवसा खिडक्यांतून उजेड येतो तेव्हा ते फिरतं, असं म्हणतात. रात्री ते फिरत नाही, खोल जातं. वरच्या थरांपर्यंत उजेड पोचत नाही, आणि मधलं टोक दिसेनासं होतं. ताई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “पांढरं आहे म्हणून बरं.” पण ते पांढरं नव्हतं. ही नक्षी निळ्या, लाल, सोनेरी रंगांत रंगवलेली होती, कोपऱ्याकोपऱ्यांत निळ्याचे ठिपके अजून सापडतात. सहाशे वर्षांनी रंग उडाले आणि विजेचे दिवे आले, त्यातून हा शुभ्र, संयमी अल्हाम्ब्रा तयार झाला. सुलतानांना तो ओळखूही आला नसता.

त्यांच्या रात्री कशा होत्या याचे दोन पुरावे आहेत. एक म्हणजे दिवा. १३०५ सालचा, अल्हाम्ब्राच्या मशिदीतला काशाचा टांगता दिवा आज माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याची सगळी काया जाळीदार आहे, उजेड भोकाभोकांतून गाळून पडावा अशी. जिप्समच्या जाळ्यांना असला हलता, ठिबकता उजेड हवा होता. दुसरा पुरावा लेखी आहे, आणि तो इब्न अल-खतीबचा.

हा पाचव्या मुहम्मदाचा वजीर. इतिहासकार, कवी, वैद्य. १३४८च्या प्लेगबद्दल त्यानं लिहिलं की रोग संसर्गानं पसरतो, आणि धर्मग्रंथातल्या वचनाला धरून हे नाकारणं डोळ्यांवर कातडं ओढण्यासारखं आहे, असा त्याचा रोख होता. त्याला झोप येत नसे. दिवसा राज्यकारभार आणि रात्री लेखन, म्हणून लोक त्याला ‘दोन आयुष्यांचा माणूस’ म्हणत. १३६२च्या डिसेंबरात, सुलतान परत गादीवर बसला त्या वर्षी, पैगंबरजयंतीचा उत्सव राजवाड्यात रात्रभर चालला. त्याचं वर्णन या निद्रानाशी वजिरानं करून ठेवलं. त्यात एक घड्याळ आहे. लाकडी, भोवती बारा कोनाडे, प्रत्येकाला बंद दार आणि माथ्यावर एक मेणबत्ती. मेणबत्तीचे बारा भाग पाडलेले, प्रत्येक भागातून एक दोरा काढून एकेका दाराच्या खिट्टीला बांधलेला. मेण एक भाग जळालं की दोरा सुटायचा, खिट्टी पडायची, धातूची गोळी खणकन पितळी थाळीत आदळायची, दार उघडायचं आणि आतून कागदाची गुंडाळी पुढे यायची. तिच्यावर त्या तासाची कविता. ती उचलून सुलतानासमोर वाचायची, मग पुढच्या तासाची वाट बघायची. रात्र किती सरली हे कवितांनी मोजायचं.

आणि कविता काही कागदावरच राहत नव्हत्या. अल्हाम्ब्रात त्या भिंतींवर चढल्या. बऱ्याचशा भिंती ‘मी’ म्हणून बोलतात. कोनाडा स्वतःची तारीफ करतो, दालन आपल्या छताविषयी सांगतं. सिंहांच्या कारंज्याच्या काठावरची कविता वाहतं पाणी आणि थिजलेला संगमरवर यांच्यातल्या घोटाळ्याविषयी आहे. तिचा कवी इब्न जम्रक, इब्न अल-खतीबचा शिष्य. पुढे गुरूवर पाखंडाचा आरोप आला, तो मोरोक्कोला पळाला, आणि १३७४ साली फेझच्या तुरुंगात त्याचा गळा आवळला. त्याच्याविरुद्धच्या कारवाईत ग्रानादाकडून गेला होता तो हाच शिष्य. वीसेक वर्षांनी इब्न जम्रकही मारला गेला. माणसं गेली, कारंज्यावरची अक्षरं तेवढी शाबूत आहेत.

वकिलांच्या दालनात, म्हणजे जिथे सुलतान परक्यांचे वकील भेटायला बोलावी, रात्री जवळजवळ अंधारच होता. चौरस दालन, नऊ कोनाडे, मधल्या कोनाड्यात सिंहासन. खिडकीचा उजेड त्याच्या पाठीमागून यायचा, म्हणजे समोरच्याला चेहरा दिसणार नाही. छत लाकडाचं, ८०१७ तुकड्यांचं, सात आसमानांचं चित्र. आम्हाला त्यातलं अर्धं आसमानही दिसलं नाही. रात्रीच्या तिकिटाची ही किंमत मोजावी लागते, आणि अल्हाम्ब्राला जो एकदाच जाणार असेल त्यानं दिवसाच जावं, हे मी स्पष्ट सांगतो. बाहेर आलं की मात्र रात्रीची भरपाई होते. विलायती मेंदीच्या कुंपणांमधला चौतीस मीटर लांबीचा हौद. दोन्ही टोकांना जमिनीत बसवलेल्या गोल कुंड्यांतून पाणी इतकं हळू आत येतं की पृष्ठभागावर तरंग उठत नाही. कोमारेसचा पंचेचाळीस मीटरचा मातीचा बुरूज त्यात उलटा, जसाच्या तसा. मातीच्या भिंतीला दुप्पट उंची देण्याची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. दिवसा त्या प्रतिबिंबात माणसांची डोकी मिसळतात.

भिंतींखालच्या त्या रंगीत फरशांविषयी थोडं. तुकडे कापून, जुळवून केलेलं हे चिनीमातीचं काम. १९३६ साली डच चित्रकार एशर इथे दिवसेंदिवस बसून त्यांची नक्कल उतरवत होता, आणि एकमेकांत अडकलेले त्याचे पक्षी-मासे त्यानंतर सुटले. अशा फरशीला अरबीत ‘अज-जुलैज’, त्याचं झालं ‘आसुलेजो’. पणजीत फोंताइन्यासच्या घरांवर निळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या नावाच्या पाट्या असतात, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ साली बसवलेली मोठी चित्रं आहेत, त्यांनाही आपण अझुलेजोच म्हणतो. तंत्र वेगळं, तिथे तुकडे जुळवलेले नाहीत, चित्र रंगवलेलं आहे. शब्द मात्र इथूनच निघून पोर्तुगालमार्गे आला.

इथूनच आणखीही काही निघालं. २ जानेवारी १४९२ला शेवटच्या सुलतानानं किल्ल्या ख्रिश्चनांच्या हाती दिल्या. त्याच्या रडण्याची आणि आईच्या टोमण्याची गोष्ट इथे प्रत्येक जण ऐकवतो, ती मी सोडून देतो. ३१ मार्चला, याच अल्हाम्ब्रात, ज्यूंनी बाटावं किंवा देश सोडावा या हुकमावर सही झाली. १७ एप्रिलला, शहराबाहेरच्या सांता फे या छावणीत, हिंदुस्थान शोधायला निघणाऱ्या कोलंबसाशी करार झाला. मार्चच्या सहीनं जी कुटुंबं सीमेपलीकडे पोर्तुगालात गेली, त्यांतल्या एका कुटुंबात पुढे गार्सिया द ओर्ता जन्मला. तो १५३४मध्ये गोव्याला आला, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो मेल्यावर १५८० साली धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो मनातून ज्यूच राहिला होता. पणजीच्या चर्चसमोर जी बाग आहे ती त्याच्या नावाची. कितीदा तरी मी तिथे बाकावर शेंगा खात बसलो आहे.

अकराच्या सुमारास रखवालदार एकेका दालनातून माणसं पुढे सरकवू लागले. सम्राट पाचव्या चार्ल्सचा चौकोनी अंगाचा, पोटात गोल चौक असलेला दगडी राजवाडा बाजूला होता. हा १५२७ला सुरू झाला आणि त्याच्यावर छप्पर चढायला विसावं शतक लागलं. दाजी त्याच्याकडे बघून म्हणाले, “हा खरा दगड.” आणि पुढे चालू लागले.

खाली शहरात उतरायचा रस्ता गर्द झाडीतून जातो. फाटक मागे बंद झालं, दिवे विरळ झाले. रस्त्याच्या दोन्ही कडांना अरुंद, दगडी पाट आहेत आणि त्यांतून पाणी जोरात वाहत होतं. ताई पुढे गेली होती. दाजी मध्येच वाकले, मोबाइलचा टॉर्च लावून पाटाच्या काठावर आडवा धरला, आणि मलाही खाली बसायला लावलं.

“चढ इकडं का उतार तिकडं, दिसतंय का तुम्हाला?”

मी म्हटलं, नाही, रस्ता उतरतोय एवढं कळतं, हा वरचा तुकडा तर सपाटच दिसतो.

“मग बरोबर बांधलाय,” दाजी म्हणाले, आणि टॉर्च बंद केला.